कूलरचा पंप स्वतः बसवायचाय, डोळ्यांनी दिसत नाही. कोणी केलंय का?

पिंप्राळा_रेडिओ (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी, बोलून टाईप करतोय त्यामुळे पूर्णविराम कुठे पडेल ते मलाच माहीत नाही, सांभाळून घ्या. विषय असाय की जळगावला आत्ताच ४३ चालूय आणि आमचा पत्र्याचा कूलर, वडिलांच्या काळातला, बॉडी अजून ठणठणीत, तो नुसती गरम हवा फेकतोय. पंखा फिरतो पण पाणी वर चढत नाही, जाळ्यांतलं गवत हात लावला तर पापडासारखं कोरडं. मागच्या वर्षी मेकॅनिक आला होता, साडेतीनशे घेतले, दहा मिनिटांत गेला आणि आठ दिवसांत परत तेच. यावेळी फोन केला तर म्हणे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर येतो. अहो आखाजीलाच तर बहीण येतेय दोन पोरं घेऊन, तिला काय झोक्यावर झोपवू का.

मला आरपी आहे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो तो आजार, सत्ताविसाव्या वर्षापासून काहीच दिसत नाही, आता छत्तिशी आली. आधी मी हातात पेचकस धरलेला माणूस, रेडिओ खोलायचो, म्हणून हे नाव. पण आता मी पक्कड उचलली की आई भाजी टाकून पळत येते. तर पंप गेलाय की नाही हे न बघता कसं ओळखायचं, वायरचे रंग कसे समजायचे, आणि करंटचं काय, एवढं सांगा.

यावल_केळी

काय भो, डायरेक्ट मेकॅनिक व्हई ग्या का? 😀 कर कर. मला डाव्या डोळ्याने थोडं दिसतं, त्या थोड्याच्या भरवशावर मी दोनदा बोट कापून घेतलंय. तू तरी निदान हाताने बघून करशील.

वायरमन_शहादा

दादा राग मानू नका, मी डोळस आहे, इथे माझ्या मावसभावामुळे येतो, त्याला दिसत नाही. बावीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि करंट एकाच डब्यात. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कोणी ना कोणी कूलरला चिकटल्याची बातमी असतेच, आणि ती सगळी चांगली दिसणारी माणसं असतात. एक आखाजी टेबल फॅनवर काढा पण यात हात घालू नका.

चाळीसगाव_ताई

भाऊ, चिकटणारे सगळे दिसणारेच असतात हे तुम्हीच लिहिलंत. मग डोळ्यांचा काय उपयोग झाला त्यांना? करंट कोणालाच दिसत नाही हो. तुम्हालाही नाही. तुम्ही टेस्टर लावता, तसं आम्ही दुसरं काहीतरी लावू. नको म्हणणारे आम्हाला घरातच सात भेटतात, तुम्हाला बावीस वर्षं येतंय तर कसं तपासायचं ते सांगा ना.

जरा कडू वाटेल पण लिहिते. मी जन्मापासून अंध. आमच्या शाळेत खुर्च्या विणायला शिकवलं, खडू आणि मेणबत्त्या शिकवल्या, आणि मी अजून सुंदर खुर्ची विणते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेचकस एकदाही कोणी हातात दिला नाही. होस्टेलच्या मोरीतला नळ सहा महिने गळत होता, खाली पत्र्याची बादली, आणि आम्ही चाळीस मुली रात्री ते थेंब मोजत झोपायचो. चार रुपयांचा वायसर होता तो, हे मला लग्नानंतर कळलं, जेव्हा सासरचा नळ मी स्वतः खोलला. तर रेडिओ भाऊ, खोला तुम्ही. फक्त घाई नको.

भुसावळ_शेड

मी फिटर होतो, काचबिंदूने नजर गेली त्याला पंधरा वर्षं झाली. हात गेले नाहीत. क्रमाने सांगतो, क्रम मोडू नका.

सगळ्यात आधी पिन सॉकेटमधून काढायची. बटन बंद करणं म्हणजे बंद नव्हे, कित्येक घरांत बटन न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, बसवलेलं असतं, बटन बंद असलं तरी आत फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, जिवंत. पिन काढायची आणि ती स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायची. खरंच मांडीखाली. म्हणजे घरातलं कोणी हौसेने परत लावू शकत नाही. पोरं असली घरात तर हे डबल.

मग काम परातीत करायचं. पितळेची, स्टीलची, जी मोठी असेल ती, आईला सांगून घ्या. स्क्रू पडला तर टण्ण वाजतो आणि काठाच्या बाहेर जात नाही. फरशीवर पडलेला स्क्रू शोधायला मी एकदा दुपार घालवलीय. गोधडीवर तर चुकूनही नको, आवाजच येत नाही. निघालेले स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवायचे, डावीकडून उजवीकडे, बसवताना उलटे.

वायर सुटी करण्याआधी खूण करायची. रंग विसरा. एका वायरला एक रबर, दुसरीला दोन. जिथून काढली त्या स्क्रूचं ठिकाणही मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा, "एक रबरवाली, वरचा स्क्रू" असं. मी आवाज रेकॉर्ड केल्याशिवाय काही सोडत नाही, रात्री झोप लागत नाही नाहीतर.

आता पंप. तो बाहेर काढून प्लास्टिकच्या बादलीत पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात ठेवा, बाहेरून वायर लांब घ्या, हात कोरडे, पायात रबरी चप्पल. पिन लावली की पाण्यात बोटसुद्धा नाही. कोरडी लाकडी पट्टी बादलीला बाहेरून टेकवा आणि दुसरं टोक कानाला. तीन प्रकार होतात. गुणगुण आणि पाण्याची धार, म्हणजे पंप ठीक, दोष पुढे नळीत आहे. गुणगुण आहे पण धार नाही, म्हणजे आतला चुंबक अडकलाय. मढ्यासारखा शांत, म्हणजे वायर तुटली नाहीतर वाइंडिंग, आतली तारेची गुंडाळी, जळलं, मग नवीन घ्या, हे छोटे पंप भरवून घेण्यात पैसे जात नाहीत तर वेळ जातो.

यावल_केळी

काका बठ्ठं बरोबर शे, पण पट्टी कानाला लावून बादलीशी बसलेला माणूस बघून गल्लीतले लोक काय म्हणतील 😀

भुसावळ_शेड

शेडमध्ये बेअरिंगचा आवाज आम्ही असाच ऐकायचो. तिथे कोणी हसलं नाही.

वायरमन_शहादा

ताई, बरोबर बोललात. मी नको म्हणालो ते भीतीने. आता कामाचं सांगतो.

काकांचा क्रम चांगलाय, त्याच्याही आधी दोन गोष्टी. पंपाची वायर पिनपासून पंपापर्यंत सगळी बोटांतून ओढून बघा, अर्थात पिन काढलेली असताना. जिथे चिरलेली, फुगलेली, टेप चिकट झालेली लागेल तिथे थांबा, पुढे जाऊ नका.

दुसरं, पिन हातात घ्या. तीन पाय पाहिजेत, एक जाड आणि लांब, ती अर्थिंगची. कूलरच्या पिनची ती जाड पिन लोक तोडून टाकतात कारण जुन्या सॉकेटमध्ये जात नाही, आणि मग पत्र्यात करंट उतरला की जायला रस्ताच नसतो, तुमच्यातून जातो. पिन बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, जाड पाय वर आणि पाय भिंतीकडे असे धरले की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. हे बोटांनी समजतं, रंगाची गरज नाही.

आमच्या साध्या टेस्टरचा मात्र तुम्हाला खरंच उपयोग नाही, त्यात दिवा लागतो. जवळ नेला की पीं पीं वाजणारा, थरथरणारा टेस्टर येतो, तो घ्या. पण तोही आधी चालू असलेल्या पॉईंटवर वाजवून बघायचा, मग कामाच्या ठिकाणी, मग परत चालू पॉईंटवर. सेल संपलेला टेस्टर पण गप्पच बसतो.

चाळीसगाव_ताई

याला म्हणतात उत्तर. 🙏

माझी एक युक्ती. बोर्डवर काम असेल तर त्याच पॉईंटला लाईटवरचा रेडिओ जोरात लावून ठेवते आणि मग खाली जाऊन एमसीबी, म्हणजे त्या लाईनचं मेन बोर्डावरचं बटन, पाडते. रेडिओ गप्प झाला की तीच लाईन. परत वर करते, परत गाणं सुरू, परत पाडते. दोनदा, कारण एकदा नेमकं तेव्हाच लोडशेडिंग झालं होतं आणि मी समजले की मीच बंद केलं.

वायरमन_शहादा

ताई युक्ती एक नंबर, पण इन्व्हर्टर आहे का घरात? असेल तर मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनला २३० व्होल्ट येतच राहतात. रेडिओ ज्या सॉकेटला आहे तेवढंच तो सांगतो, शेजारचं बटन इन्व्हर्टरवर असू शकतं, एकाच बोर्डात दोन्ही असतात. यात आम्हीसुद्धा फसलोय.

चाळीसगाव_ताई

आहे इन्व्हर्टर. अंगावर काटा आला. उद्याच प्रत्येक बटनाला रेडिओ लावून बघते आणि इन्व्हर्टरवाल्यांवर ब्रेलची चिठ्ठी चिकटवते.

पिंप्राळा_रेडिओ (मंगळवार, दुपार)

सगळ्यांना धन्यवाद, आता ऐका काय सापडलं. आई भावाकडे गेली तो मुहूर्त साधला. पिन काढली, मांडीखाली घेतली, वायर बोटांतून ओढत गेलो आणि टाकीच्या आत, पाणी भरलं की नक्की बुडेल अशा उंचीवर, एक गाठोडं लागलं. टेप नाही काही नाही, दोन वायरी पीळ मारून त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. एक तांब्याची तार बाहेर आलेली बोटाला टोचली. साडेतीनशे रुपये घेऊन त्या माणसाने हे केलं होतं आणि त्याला दोन्ही डोळे आहेत. वर्षभर आम्ही त्या पत्र्याला हात लावत होतो. जाड पिन पण तुटलेली. मी पाच मिनिटं नुसता परातीपुढे बसून राहिलो.

वायरमन_शहादा

माझ्या धंद्यातल्या माणसाने हे केलं, लाज वाटते. आता तो जोड वापरायचाच नाही. टाकीत जोडच नको, पंपाची वायर अखंड वरच्या कोरड्या डबीपर्यंत न्यायची. आणि सॉकेटचं अर्थिंग खरं आहे का ते कोणाकडून तरी मीटर लावून तपासून घ्या, आणि ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारं बटन, बसवून घ्या. हे दोन मेहेरबानी करून स्वतः करू नका, मी पण मेन लाईनवर एकटा काम करत नाही. त्या आरसीसीबीवर टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खट् असा आवाज येऊन लाईट गेली पाहिजे. तेवढं तुम्ही कानाने तपासू शकता.

गावाकडे अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. जमीन सुकली की अर्थिंग नावालाच राहतं, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात.

यावल_केळी

मी म्हणतो व्हिडिओ कॉलवर कोणाला तरी दाखवून का नाही करत? बी माय आईज आहे की, २०१५ पासून चालू आहे, फुकटात कोणीतरी उचलतो.

चाळीसगाव_ताई

वाचून घ्यायला उत्तम. फॅनच्या कपॅसिटरवर काय छापलंय ते मी तसंच विचारलं होतं, २.५ निघालं, दुकानात जाऊन तेच मागितलं. पण वायरचा रंग विचारून काम नका करू. पिवळ्या बल्बखाली फोनमधून लाल आणि तपकिरी ओळखणं समोरच्यालाही अवघड जातं. आणि ज्याला आपलं घर माहीत नाही त्याच्या "हो हो बरोबर आहे" वर वायर जोडायची? रबरच बरं.

पिंप्राळा_रेडिओ (बुधवार, रात्री)

आज पंप उघडला. पट्टी कानाला लावून गुणगुण ऐकू आली पण धार नाही, म्हणजे काकांचा दोन नंबर. मग पिन काढून, मांडीखाली वगैरे, पुढची जाळी नखाने काढली, त्याखालची चकती फिरवून काढली, आणि आतलं पंख्यासारखं चाक ओढलं तर येईना. वाटलं मोडणार. आत चुंबक आहे तो धरून ठेवतो म्हणून जरा झटका द्यावा लागला आणि निघालं. दांडीवर केसांचा गुंता, एवढा लांब केस आमच्या घरात फक्त आईचा, आणि त्यात गवताची एक काडी आडवी. आणि सगळीकडे खरखरीत, वाळूचा कागद असतो ना तसं. ते काय आहे? आणि चाक परत घालून हाताने फिरवलं तर सरळ फिरत नाही, अर्ध्या फेरीला अडखळतं, परत अर्ध्या फेरीला. खराब झालं का?

भुसावळ_शेड

अडखळणं बरोबर आहे. चुंबकाची दोन टोकं आहेत, ती प्रत्येक अर्ध्या फेरीला लोखंडाला धरतात. अगदी गुळगुळीत फिरलं असतं तर चिंता केली असती. फक्त घासल्याचा आवाज नको.

खरखरीत म्हणजे क्षार. आपल्याकडे बोअरचं पाणी भरलं की महिन्यात थर बसतो. लिंबूसत्व आणा, किराणा दुकानात मिळतं. कोमट पाण्यात दोन चमचे, त्यात पंपाचे फक्त प्लास्टिकचे भाग आणि चाक टाका. वायरवाला भाग नाही. कान जवळ नेला तर फसफस ऐकू येईल, सोडा उघडल्यावर येते तशी बारीक. ती थांबली की बोट फिरवून बघा, खरखर असेल तर पाणी बदला. टाकीच्या पत्र्यावर मात्र हे ओतून ठेवू नका, जस्त खाऊन टाकतं आणि मग गंज.

पिंप्राळा_रेडिओ

ऐकतोय. खरंच फसफस येतेय. आई शेजारी बसलीय, म्हणतेय दे मला पण ऐकू दे.

यावल_केळी

आईला घेतलं ना पार्टीत, आता कूलर झालाच समज.

पिंप्राळा_रेडिओ (गुरुवार)

अपडेट. गल्लीतल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं, आरसीसीबी बसली, नवीन पिन मात्र मी बसवली, जाड पाय वर धरून. वायर अखंड नवीन टाकली, टाकीत जोड नाही. कूलरच्या पत्र्यापासून जाड पिनपर्यंत लाईन आहे का ते दोन सेल आणि जुन्या खेळण्यातला बझर जोडून तपासलं, पत्र्यावरचा रंग थोडा खरवडून, वाजलं. त्याच बझरने पंपाचं वाइंडिंगही बघितलं तर वाजलंच नाही आणि घाम फुटला.

वायरमन_शहादा

वाजणार नाही. एवढ्या छोट्या पंपाच्या वाइंडिंगला काही शे ओहम रेझिस्टन्स असतो, दोन सेलमध्ये तिथून बझर वाजण्याइतका करंट जात नाही. मीटरचा बझरही तिथे गप्प बसतो. बझर फक्त वायर, फ्यूज आणि अर्थिंगसाठी. पंप गुणगुणला होता ना, मग वाइंडिंग ठीक आहे.

पिंप्राळा_रेडिओ

हुश्श. चालू केला. पंपातून धार जोरात येतेय पण जाळ्यांवर पाणी अर्धंच पडतंय, पंख्यामागची जाळी ओली, डावी कोरडी. आता काय.

चाळीसगाव_ताई

वर पन्हळ असेल, तिला खाली बारीक भोकं असतात, ती बुजली असणार क्षाराने. पिन काढा आणि बोटाने मोजा. ब्रेलची पाटी आणि टोच्या आहे का घरात? त्या टोच्याचं टोक बरोबर बसतं. मी लाकडावर, पाईपवर खूणही त्यानेच करते. पेन्सिलची रेघ आमच्या काय कामाची, टोचलेला खड्डा बोटाला लागतो आणि करवतीचं पातंही त्यात जाऊन बसतं.

यावल_केळी

टोच्या म्हटला की आमची मास्तरीण लुई ब्रेलची गोष्ट सांगायची. त्याचे वडील घोड्याचं चामड्याचं सामान शिवायचे, पोरगं तीन वर्षांचं, १८१२ साली, वडिलांच्या दुकानात आरीशी खेळताना डोळ्यात घुसली, मग दुसऱ्या डोळ्यातही पसरलं. माझी आजी ही गोष्ट ऐकून मला सुईसुद्धा देत नव्हती.

चाळीसगाव_ताई

आजीने अर्धीच गोष्ट ऐकली. पुढे त्याने ठिपके टोचायला तसंच टोकदार हत्यार हातात घेतलं.

पिंप्राळा_रेडिओ (शुक्रवार, पहाटे)

झोप लागली नाही म्हणून लिहितोय, पण उकाड्याने नाही, आनंदाने. डाव्या पन्हळीत अकरा भोकं, त्यातली आठ बंद होती. टोच्याने एकेक उघडलं, शेवटच्यातून चुन्याची गोळीच पडली परातीत, टिक. मग चालू करून दोन हात लांब उभा राहिलो. गवतावर पाणी झिरपायचा आवाज माहितीये ना, पहिल्या पावसात पाचटावर पडतं तसा. दहा मिनिटांत वाळ्याचा वास घरभर. आई काही बोलली नाही, पंख्यापुढे उशी आणून टाकली आणि आडवी झाली.

एकच राहिलंय. उजवीकडून टप टप जास्त आणि डावीकडे कमी, म्हणजे कूलर कलंडलाय बहुतेक. पाणसळ आहे घरात पण त्यातला बुडबुडा कोण बघणार, आई झोपलीय.

भुसावळ_शेड

आधी पिन काढा. मग ती परात पालथी कूलरच्या डोक्यावर ठेवा आणि मधोमध गोटी सोडा. जिकडे घरंगळेल ती खालची बाजू. त्या बाजूच्या पायांखाली फरशीचा तुकडा सरकवा, गोटी थांबेपर्यंत. कूलर रिकामा करून उचला, भरलेला उचलायला जाल तर कंबर जाईल.

पिंप्राळा_रेडिओ

गोटी नाही घरात. भाचे आणतील उद्या.